पाण्याला आलेला गुण

उंदीरबाईंचा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो, आणि गिऱ्हाईक जरा ओळखीचं असलं की बहिणीची ओळख स्वतःहून करून देतो. “माझी ताई उंदरांना फिट आणते,” तो म्हणतो. गिऱ्हाइकाचा चेहरा उतरेपर्यंत थांबतो आणि मग जोडतो, “आणि थांबवते पण. थांबवायचं अजून चालू आहे.”

ओळख खोटी नाही. बाई औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकवतात आणि उरलेल्या वेळात झाडापाल्याचे अर्क उंदरांना पाजून बघतात, की त्याने फिट लांबणीवर पडते का. उंदीरबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की एकदा भर बैठकीत प्रमुख सरच “आता उंदीरबाई सांगतील” असं बोलून गेले आणि बैठक संपेपर्यंत चष्म्याची काच पुसत राहिले. बाईंनी मनाला लावून घेतलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की कॉलेजात मॅडम पुष्कळ आहेत, उंदीरबाई मी एकटीच.

कॉलेजच्या मागच्या कुंपणावर एक वेल आहे. माळ्याने दर वर्षी ती उपटायची आणि तिने दर वर्षी परत यायचं, असा दोघांचा करार. पूर्वी ही वेल लहान मुलांच्या आकडीवर देत, असं बाईंनी कुणाकडून तरी ऐकलं. त्यांनी पानं वाळवली, कुटली, अर्क काढला. अर्क काळपट हिरवा, मधासारखा चिकट, आणि वासाने असा की बाई स्टाफरूममध्ये शिरल्या की जेवणाच्या डब्यांची झाकणं लागत.

मग उंदरांचे चार गट. पहिल्याला नुसतं पाणी, दुसऱ्याला निम्मा अर्क, तिसऱ्याला पूर्ण, आणि चौथ्याला डॉक्टर माणसांना देतात ते नावाजलेलं औषध. थोड्या वेळाने सगळ्यांना झटके आणणारं इंजेक्शन द्यायचं, स्टॉपवॉच दाबायचं आणि बघत बसायचं, की झटका किती उशिरा येतो. जेवढा उशीर, तेवढा अर्क गुणी. चौथा गट सहसा पडतच नसे, त्यामुळे घरातल्या हुशार मुलासारखं त्याच्याकडे कुणी लक्ष देत नसे. उंदरांना या सगळ्याबद्दल कुणी विचारलेलं नव्हतं. परवानगी देणारी एक समिती होती, पण तिच्यात उंदीर नव्हते.

आणि अर्क गुणी निघाला. पाणी प्यालेले उंदीर चटकन कोसळत, निम्मा अर्क घेतलेले जरा तग धरत, पूर्ण अर्क घेतलेले चांगलेच झुंजत. आलेख काढला तर जिन्याच्या पायऱ्यांसारखा सुबक. असा आलेख मिळाला की माणूस तो भिंतीवर लावतो. बाईंनी लावला.

काटेकोरपणात त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. कुठला उंदीर कुठल्या गटात, हे त्या चिठ्ठ्या टाकून ठरवत. धडधाकट तेवढे निवडून अर्काला दिले, असं उद्या कुणी म्हणायला नको. एखाद्या गलेलठ्ठ उंदराची चिठ्ठी पाण्यात निघाली तर त्यांना हळहळ वाटे, पण चिठ्ठी बदलत नसत. चिठ्ठ्या संपल्या, की पुढचं काम मात्र आईच्या पद्धतीने चाले.

आईची पद्धत म्हणजे भांडी घासण्याची. आधी पाण्याचे पेले, मग दुधाचं पातेलं, तेलकट कढई सगळ्यात शेवटी. एकाच घासणीत काम उरकतं आणि पेल्यांना तेलाचा वास लागत नाही. बाईंकडे अर्क पाजायची एक वाकडी, बोथट टोकाची नळी होती. एकदा का तिच्यात अर्क गेला की ती धुता धुता मनगट दुखून येई, आणि खोलीतला नळही असा, की बंद करायला सगळा जीव एकवटावा लागे. म्हणून आधी पाणी, मग निम्मा अर्क, मग पूर्ण. मध्ये धुवायची भानगड नाही. पुढे इंजेक्शनंही त्याच क्रमाने. पाण्याचा गट सकाळी आल्याआल्या, निम्म्याचा जेवणाआधी, पूर्ण अर्काचा जेवणानंतर. प्रत्येक वेळी. यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. लहानपणापासून पेले असेच स्वच्छ निघत आले होते.

आता भावाकडे वळायला हवं, कारण वेलीत खरा जीव अडकला होता तो त्याचा.

घड्याळजीला पहिली फिट शाळेत असताना आली. गोळ्या सुरू झाल्या आणि फिट बंद झाली. काही वर्षांनी डोस वाढला आणि हात सुरू झाला. फार नाही, बारीकसा कंप. भाजी चिरणाऱ्याला, रिक्षा चालवणाऱ्याला तो कळलाही नसता. पण घड्याळातली केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरणाऱ्या माणसाला त्याहून वाईट काही नाही. हळूहळू त्याच्याकडे सेल बदलणं, पट्टे बसवणं आणि भिंतीवरची घड्याळं एवढंच काम उरलं. जुनी मनगटी घड्याळं तो गुपचूप पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे पाठवी आणि गिऱ्हाइकाला सांगे, “पार्ट मागवलाय.” बाईंचं स्टॉपवॉचसुद्धा मागच्या खेपेला म्हाताऱ्याकडूनच होऊन आलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

अशात एका संध्याकाळी जेवताना त्याने विचारलं, “काय गं ताई, आज तुझ्या वेलीने काय दिवे लावले?”

“लावले,” बाई म्हणाल्या. त्या खुशीत होत्या. “पूर्ण अर्कवाले पडता पडत नाहीत. आणि कंप म्हणून नाही. पंजे अगदी स्थिर.”

घड्याळजीचा घास हातातच राहिला. “पंजे स्थिर?”

“उंदरांचे म्हणतेय मी.”

“मग माझे काय घोड्याचे आहेत?”

“अरे, अजून काही पक्कं नाही. थोडं थांब. बाहेरचे तज्ज्ञ येणारेत, ते बघून जाऊ देत.”

बाईंना म्हणायचं होतं, इतक्यात हुरळून जाऊ नकोस. घड्याळजीने ऐकली ती तारीख. त्याच आठवड्यात आईने वेलीचं एक कांडं आणून बाल्कनीतल्या फुटक्या बादलीत खोचलं आणि रोज त्यावर चहाचा चोथा घालू लागली. घड्याळजीने तर जाहीरच करून टाकलं, “पाहुणे होय म्हणाले, की त्या दिवशी गोळ्या बंद.”

“मी तुला अर्क द्यायची नाही,” बाईंनी बजावलं.

“तू नको देऊस. आई पाला उकळून देईल.”

आई काही बोलली नाही. त्या घरात याचा अर्थ हो असा होतो.

चालू गोळ्या एकदम सोडल्या तर येणारी फिट आधीच्या सगळ्या फिटांहून भारी पडू शकते, हे बाई दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित करतात. घरात फळा नव्हता. त्या सांगत, आणि घड्याळजी म्हणे, “हो, हो. पाहुणे कधी येतायत?”

पाहुणे आले. त्या सकाळी प्रमुख सर नवा शर्ट घालून खोलीत डोकावले. “पाहुण्यांना दुपारची गाडी गाठायची आहे,” ते म्हणाले. “त्यांना ते पाण्याचे उंदीर कशाला दाखवता? थेट पूर्ण अर्काचा गट घ्या.”

“सर, आपला क्रम ठरलेला असतो.”

“मॅडम, सिनेमाला बोलावून कुणी आधी जाहिराती दाखवतं का?”

बाईंना पटलं नाही, पण अगदीच नको वाटलं असंही नाही. झुंजणारे उंदीर लोकांनी बघावेत, असं त्यांनाही वाटत होतंच. नळी मग धुता येईल, असं म्हणून त्यांनी आईची पद्धत पहिल्यांदा मोडली. पिंजरेवाले काका नेहमीप्रमाणे तळमजल्यावरून चढणीने ट्रॉली ढकलत आले. ट्रॉलीचं एक चाक जन्मापासून वाकडं, त्यामुळे आतले उंदीर खडखडत, आपटत, एकमेकांवर घसरत वर येत. आजही आले. बाईंनी पूर्ण अर्काचा गट आधी पाजला, बाकीच्यांचं मागाहून पाहू म्हणून ते पिंजरे कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवले.

पाहुणे खुर्च्यांवर बसले. सरांनी भिंतीवरचा आलेख दाखवला. बाईंनी इंजेक्शन दिलं, स्टॉपवॉच दाबलं आणि म्हणाल्या, “आता हा बराच वेळ दाद देणार नाही. तोवर आपण चहा...”

उंदीर पडला.

“हा जरा अशक्त असेल,” सर म्हणाले.

दुसरा पडला. तोही अशक्त ठरला. तिसरा तर बाईंनी खाली ठेवला न ठेवला तोच आडवा झाला, जणू त्याला कुणी बजावूनच पाठवलं होतं. सर्वांत वयस्कर पाहुण्यांनी बिस्किट चहात बुडवून शांतपणे विचारलं, “अशक्त उंदीर तुम्ही मुद्दाम पाळता का?” यावर हसायचं की नाही हे सरांना ठरवता आलं नाही, म्हणून ते अर्धवट हसले. पाहुण्यांना गाडीवर सोडायला गेले ते त्या दिवशी परत आलेच नाहीत.

बाईंना घरी जावंसं वाटत होतं. पण हातात घेतलेला प्रयोग अर्ध्यावर टाकायचा नाही, हाही त्यांचा एक नियम. जेवणानंतर त्यांनी पाण्याचा गट घेतला. ते उंदीर सकाळपासून कोपऱ्यात होते आणि आता एकमेकांच्या कुशीत नाकं खुपसून ढिगाने झोपले होते. बाईंनी इंजेक्शन दिलं, स्टॉपवॉच दाबलं. उंदीर बसला. मिशी पुसली. इकडेतिकडे बघितलं. बाई वाट बघत राहिल्या. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही. पडले सगळे, पण सावकाश, आपल्या सवडीने. एरवी पूर्ण अर्कवाले पडत तसे.

पिंजरेवाले काका रिकामे पिंजरे न्यायला आले होते. “बाई, आज पाण्यात काय घातलंत?”

“पाणीच.”

“मग हेच विका की.”

काका ट्रॉली दारातच ठेवून गेले. बाई स्टुलावर बसून राहिल्या. कोपऱ्यातले झोपाळू उंदीर बघितले, दारातलं ट्रॉलीचं वाकडं चाक बघितलं, भिंतीवरचा जिना बघितला. मग त्यांना कळलं, आणि कळल्यावर ते इतकं सोपं होतं की जवळपास कुणी नाही याची त्यांनी खात्री करून घेतली.

सकाळी खडखडत आलेला उंदीर घाबरलेला असतो. खोली नवी, वास नवे, छातीचा भाता झालेला. निदान या खोलीत तरी असा उंदीर लवकर पडत होता. दुपारपर्यंत तोच उंदीर खोलीला सरावतो, झोपतो, आणि मग उशिरा पडतो. इतके महिने बाई सकाळ पाण्याला देत होत्या आणि दुपार अर्काला. निम्म्या अर्काला मधली वेळ, म्हणून पायरीही बरोबर मधली. उंदीर निवडायला चिठ्ठ्या टाकल्या. वेळ निवडायला कुणी टाकल्या नाहीत. गुण वेलीचा नव्हता. दुपारचा होता.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी तेव्हा स्वतःशीही अर्धीच कबूल केली. अर्क घेतलेल्या उंदराचं तोंड हिरवं होई. असं हिरवं तोंड समोर आलं, की त्या मनातल्या मनात म्हणत, “तग धर, तग धर.” आणि झटका आला तरी तो खरंच आला का, हे ठरवायला त्यांचा अंगठा किंचित उशीर लावी.

संध्याकाळी बाई घरी पोचल्या तेव्हा घड्याळजी दुकान लवकर बंद करून आला होता. गॅसवर पातेलं होतं आणि जिन्यापर्यंत वेलीचा वास.

“या, या. पाहुणे काय म्हणाले?”

“आजची गोळी घेतलीस?”

“आधी निकाल.”

“आधी गोळी.”

“म्हणजे वाईट आहे,” घड्याळजी म्हणाला. “चांगला असता तर तू चपला काढायच्या आधीच सांगितला असतास.”

बाईंनी चपला काढल्या, बसल्या आणि सगळं सांगितलं. ट्रॉली, दुपार, हिरवी तोंडं, आपला अंगठा. काही झाकलं नाही. घड्याळ कानाला लावावं तशी मान तिरकी करून तो ऐकत होता.

“म्हणजे दुपारी नुसत्या पाण्यानेही फिट थांबते?”

“लांबते. आणि उंदराची.”

“आणि हे खूळ भांडी घासण्यातून आलं?”

“भांड्यांना काही बोलायचं काम नाही,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “तुमच्या ताटांना कधी वास आला का? मी हे उकळून ठेवलंय, त्याचं काय करू?”

“बादलीत ओत,” बाई म्हणाल्या. “वेलीचंच आहे, तिलाच दे.”

घड्याळजी हसला, पण थोडंच. मग त्याने उजवा हात टेबलावर, दिव्याखाली, सरळ धरला. बोटं थरथरत होती. तिघंही तिकडे बघत राहिले, जसं दुपारी बाई उंदरांकडे बघत होत्या.

“तू म्हणालीस पंजे स्थिर.”

“म्हणाले.”

“तू म्हणालीस थोडं थांब.”

“तेही म्हणाले. डॉक्टरांना हात दाखवलास का कधी?”

“कशाला? तू औषध काढतच होतीस. ते दर खेपेला विचारतात, सगळं ठीक? मी म्हणतो, ठीक.”

“आणि हात?”

“खिशात.”

या औषधाने हात कापू शकतो, हा बाईंच्या वर्गातला परीक्षेचा प्रश्न होता. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो, गोळी बदलता येते, हे त्याचं उत्तर. दर वर्षी मुलं ते घडाघडा लिहीत. आणि घरातला एक माणूस डॉक्टरांसमोर हात खिशात घालून बसत होता, कारण बहीण इतके महिने जेवताना वेलीची फुशारकी मारत होती.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “उंदरांचं राहू दे. तुझ्याशी बोलले ते चुकलं. उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ. मी येते.”

“नको. तू तिथे भाषण देशील.”

“मी बाहेर बसते. पण गोळी घे.”

घड्याळजीने गोळीचं पाकीट हातात घेऊन जरा वेळ उलटसुलट केलं. मग एक गोळी काढली. “पाणी दे,” तो बहिणीला म्हणाला. “गुणकारी आहे म्हणतात.”

डॉक्टरांनी हात बघितला आणि आधी घड्याळजीला झापलं. “घड्याळं दुरुस्त करता, हात कापतो, आणि हे आज सांगताय?”

“बहीण औषध काढत होती. उंदरांवर.”

“उंदरांना मनगटी घड्याळं दुरुस्त करायची नसतात,” डॉक्टर म्हणाले आणि नवी गोळी लिहिली. ती हळूहळू चढवायची, जुनी हळूहळू उतरवायची, मनाने काही करायचं नाही. बाई बाहेर बसल्या होत्या, म्हणजे दाराला अगदी लागून. मधल्या काळात घड्याळजीला एकदा किरकोळ फिट आली आणि आईने बाल्कनीतल्या बादलीकडे अर्थपूर्ण नजरेने बघितलं. बाईंनी ती बादली उचलून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली.

कॉलेजात प्रयोग पहिल्यापासून झाला. उंदीर आदल्या दिवशीच वर आणून ठेवले, चाकाला तेल घातलं. (त्याने काही फरक पडला नाही. चाक वाकडंच होतं.) सगळ्या गटांची सरमिसळ केली, जेणेकरून सकाळ आणि दुपार सगळ्यांच्या वाट्याला सारखी यावी. पाण्यात खायचा हिरवा रंग घातला, म्हणजे तोंडं सगळ्यांचीच हिरवी. कुठल्या बाटलीत काय, हे फक्त प्रमुख सरांना माहीत. त्या आठवडाभर ते इतका महत्त्वाचा चेहरा करून हिंडले, की शिपायाला वाटलं कॉलेज विकलं जातंय. बाई प्रत्येक वेळी नळी धुवायच्या. मनगट दुखायचं. नळ होता तसाच.

उरलं ते थोडं. पूर्ण अर्काने फिट किंचित लांबत होती, आणि उंदीर थोडे पेंगतही होते. म्हणजे फिट अडली की उंदराला झोप आली, हे बघायला अजून वेगळी चाचणी हवी. वेल अगदीच टाकाऊ नव्हती, पण तिच्या भरवशावर कुणी गोळी सोडावी अशी मुळीच नव्हती. भिंतीवरच्या जिन्याच्या जागी एक जेमतेम उंबरठा आला.

“शब्दांत थोडं वाढवता येईल का?” सरांनी लेख वाचून विचारलं.

“येईल,” बाई म्हणाल्या. “पण मग लेखकांत दुपारचंही नाव घालावं लागेल.”

सरांनी चष्मा पुसला. लेख गेला तो होता तसा, आधीच्या चुकीच्या कबुलीसकट.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी स्टॉपवॉचचं बटण पुन्हा अडकायला लागलं. बाईंनी ते दुकानात नेऊन काउंटरवर ठेवलं.

“पार्ट मागवावा लागेल?” त्यांनी साळसूदपणे विचारलं.

घड्याळजीने त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि चिमटा उचलला. हात किंचित थरथरला. अगदी थांबला असं नाही, पण पूर्वीसारखाही राहिला नव्हता. चिमट्याचं टोक स्क्रूपाशी आलं आणि तिथेच अडखळलं.

“तू बघू नकोस गं. कुणी बघितलं की जास्त होतं.”

बाईंनी पाठ फिरवली आणि रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. समोर एक माणूस सायकलला कुलूप लावत होता.

“आणि ते ‘तग धर, तग धर’ म्हणणं बंद कर,” घड्याळजी म्हणाला.

“म्हणत नाहीये,” बाई म्हणाल्या.

त्या म्हणत होत्या.